पातं लोहाराचं, मूठ मात्र आपल्या हाताची



आज पिकावर लिहीत नाही, हत्यारावर लिहितोय. त्यातही पात्यावर नाही, मुठीवर.

ट्रॅक्टर घ्यायचा म्हटलं की आपण वर्षभर चर्चा करतो. किती एचपीचा, डिझेल किती खातो, लिफ्ट किती उचलते. फवारणीचं नोझल निवडायला चार दुकानं फिरतो. पण खुरपं घेताना काय करतो? बाजारात ढीग पडलेला असतो. वरचं एक उचलायचं, अंगठ्यानं धार बघायची, पिशवीत टाकायचं. मूठ कशाची आहे, जाडी किती, आत शेपटी कुठवर गेलीय, हे कुणी बघत नाही. आणि तेच खुरपं मग एखादी मावशी सकाळी नऊपासून संध्याकाळी पाचपर्यंत हातात धरून बसते.

माझं मत सरळ सांगतो. पातं चांगल्या लोहाराकडून घ्या, त्याला त्याचे पैसे द्या. पण मूठ घरी करा. जो ते हत्यार धरणार त्याच्या हाताचं माप घेऊन करा, आणि लाकूड आपल्या बांधावरचं वापरा. हा हौसेचा उद्योग नाही. भांगलणीचा वेग, कापणीतल्या जखमा आणि बायामाणसांचे दुखणारे हात या तिन्हींचा हिशोब या वीतभर लाकडात आहे.

आधी माप. बाजारातली मूठ एकाच मापाची येते. खराद्यावर लावून शेकड्यानं काढलेली, गोल आणि गुळगुळीत. गोल मूठ हातात फिरते. पातं कुठल्या बाजूला वळलंय हे बोटांना कळत नाही, मग माणूस ती जास्त आवळून धरतो. आवळून धरलं की मनगट भरून येतं. मूठ जाड असेल तर बोटं पुरी वळत नाहीत, बारीक असेल तर नखं तळव्यात रुततात. आखूड असेल तर तिचं मागचं टोक तळव्याच्या मधोमध टोचतं. दिवसभर तिथं दाब बसला की रात्री बोटांना मुंग्या येतात. मावशी म्हणतात, "वय झालं." काहींचं वय झालंही असेल, पण तीस वर्षांच्या पोरीच्या हाताला मुंग्या येत असतील तर आधी मूठ तपासा.

भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेच्या पुढाकारानं देशभरातल्या शेतात राबणाऱ्या स्त्री-पुरुषांच्या शरीराची आणि ताकदीची मापं घेतली गेली आणि २००९ मध्ये ती पुस्तकरूपात आली. कशासाठी? तर अवजारं माणसाच्या मापाची व्हावीत म्हणून. बाईचा तळवा पुरुषापेक्षा लहान असतो, पकडीचा जोरही कमी असतो, हे आपल्याला माहीत आहेच. पण भांगलण, वेचणी, कापणी ही कामं बहुतेक बायाच करतात, आणि मूठ मात्र पुरुषाच्या हाताची, हे कुणाला खटकत नाही.

माप घ्यायला यंत्र लागत नाही. मूठ हातात धरल्यावर अंगठ्याचं टोक मधल्या बोटाच्या टोकाला टेकलं पाहिजे, किंवा त्यावर थोडं चढलं पाहिजे. मध्ये फट राहिली तर मूठ जाड आहे. खुरपं, विळा, कोयता यांच्या मुठीची जाडी साधारण ३० ते ४० मिलिमीटरमध्ये बसते. बायांच्या हाताला ३० च्या आसपास, मोठ्या हाताच्या गड्याला ४० च्या जवळ. लांबी म्हणाल तर चार बोटं बसून पुढंमागं थोडी जागा उरली पाहिजे, म्हणजे ११ ते १३ सेंटिमीटर. आडवा छेद गोल नको, अंड्यासारखा लांबट हवा, म्हणजे डोळे मिटूनही धार कुठं आहे ते कळतं. आणि मागच्या टोकाला थोडं बोंड ठेवायचं. घामेजलेल्या हातातून कोयता निसटतो तो मागं बोंड नसल्यामुळं.

ऊसतोडीच्या भाषेत नवरा-बायकोच्या जोडीलाच "एक कोयता" म्हणतात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. जिथं माणसाची मोजणीच हत्याराच्या नावानं होते, तिथं त्या हत्याराच्या मुठीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळलेली असते आणि आत लाकूड फुटलेलं असतं. फडात एकदा जाऊन दहा कोयते हातात घेऊन बघा. मी काय म्हणतो ते वेगळं सांगावं लागणार नाही.

आता लाकडाकडं येऊ. कारण इथंच लोक म्हणतात, "चांगलं लाकूड आणायचं कुठून?" बांधावरून.

बाभूळ ही मुठीची राणी. बैलगाडीची चाकं, नांगर, कुळव हे सगळं आपल्या म्हाताऱ्यांनी बाभळीचं केलं ते उगीच नाही. लाकूड कठीण, चिवट, आणि दणका सोसणारं. रामकाठी बाभूळ सरळ वाढते, तिचे लांब दांडे निघतात. साध्या बाभळीच्या वाकड्या फांद्याही वाया जात नाहीत. विळ्याच्या मुठीला थोडा बाक लागतोच, तो निसर्गानं दिलेला असेल तर सगळ्यात मजबूत. बोरीचं लाकूडही चांगलं, बारीक पोताचं. डोंगराकडच्या मंडळींकडं धामण आणि धावडा असतो. कुऱ्हाडीच्या दांड्याला धामणीसारखं लवचिक लाकूड मिळणं कठीण, आणि धावड्याचे तर गाडीचे आख करायचे.

आणि ज्या झाडाला आपण शिव्या देतो ती वेडी बाभूळ, विलायती बाभूळ. पडीक रानात माजते, काटा पायात मोडला तर महिनाभर छळतो. पण तिच्या जाड खोडातलं आतलं लाकूड गडद, घट्ट आणि वाळल्यावर फार कमी हलणारं असतं. तिच्याच भाऊबंदातलं मेस्किट नावाचं लाकूड अमेरिकेतले चाकू बनवणारे हौसेनं मुठीला वापरतात. आपण ते सरपण म्हणून जाळतो. काढून टाकायचंच आहे तर जाडजूड बुंध्याचे वीतभराचे तुकडे बाजूला ठेवा, एवढंच म्हणणं.

साग? सागाचं लाकूड देखणं, पाण्यात न कुजणारं. चाकूच्या मुठीला चालेल. पण कुऱ्हाड-कुदळीसारख्या आपटणाऱ्या हत्याराला सागाचा दांडा नको, दणक्यानं चिरतो. सुबाभूळ आणि निलगिरीचाही मोह नको. पहिलीला भुंगा लवकर लागतो, दुसरी वाळताना पिळते आणि फाटते. फावड्याला, दाताळ्याला भरीव माणवेल बांबू उत्तम. फक्त तोडल्यावर तो दोन-तीन आठवडे पाण्यात बुडवून ठेवायचा. आतला पिठूळ अंश पाण्यात उतरतो आणि भुंग्याला खायला उरत नाही.

कायद्याचंही ध्यानात ठेवा. १९६४ च्या महाराष्ट्राच्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत साग, खैर, तिवस, अंजन, चिंच, आंबा, मोह, हिरडा, जांभूळ, फणस ही झाडं आहेत. आपल्या मालकीची असली तरी परवानगीशिवाय तोडायची नाहीत. बाभूळ आणि बोर त्या यादीत नाहीत, तरी तोडण्याआधी वनरक्षकाला विचारलेलं बरं. शेतातल्या बांबूचा प्रश्न २०१७ च्या दुरुस्तीनं सुटला, वनक्षेत्राबाहेरचा बांबू आता कायद्यानं "झाड" नाही. आणि चाकूला सांबरशिंगाची मूठ कितीही रुबाबदार दिसत असली तरी तिकडं वळायचं नाही. शिंग रानात गळून पडलेलं असलं तरी १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली ते जवळ बाळगणं अंगाशी येतं. शिंगाचीच हौस असेल तर घरच्या मेलेल्या म्हशीचं शिंग आहे. ते गरम केलं की मऊ होतं, सपाट करता येतं आणि घासल्यावर काळंभोर चमकतं.

लाकूड कापायचं कसं, यात बहुतेक जण फसतात. मनगटाएवढी गोल फांदी तोडायची, साल काढायची, मधोमध भोक पाडून पातं ठोकायचं. चार महिन्यांत मूठ उभी चिरते. का? फांदीच्या मधोमध भेंड असतं. लाकूड वाळताना लांबीत जवळपास आकसत नाही, पण गोलाईच्या दिशेनं बरंच आकसतं. भेंड आत अडकलेलं असलं की तो ताण कुठंतरी फुटणारच. म्हणून पाच-सहा इंच जाडीचा ओंडका घ्यायचा, त्याचे चार भाग करायचे आणि भेंडाजवळची चिंधी काढून टाकायची. बाहेरचं पांढरं लाकूडही सोडायचं, भुंगा तिथूनच सुरुवात करतो. मधला गडद भाग, ज्याला आपण नार म्हणतो, तोच मुठीचा.

हे चार भाग शक्यतो करवतीनं करू नका, कुऱ्हाडीनं आणि पाचरीनं फोडा. करवत सरळ जाते, लाकडाच्या रेघा कुठंही वळलेल्या असोत. फोडलेलं लाकूड मात्र रेघांच्या मागोमाग फुटतं. त्यामुळं रेघ दांड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड जाते. रेघ मधेच बाहेर पडली असेल तर दांडा तिथूनच मोडणार, हे लिहून ठेवा. बाजारातला दांडा घ्यायची वेळ आलीच तर हेच बघायचं, बाजूनं रेघ किती लांब धावते ते. रंग दिलेला दांडा घेऊच नका. रंगाखाली रेघ दिसत नाही.

तुकडे करून झाले की दोन्ही टोकांना मेण, जुना ऑइल पेंट, नाहीतर चक्क शेण फासायचं. टोकांतून पाणी सगळ्यात भराभर उडतं आणि चिरा तिथूनच पडतात. मग सावलीत, वारा लागेल असं रचून ठेवायचं. उन्हात नाही, पत्र्यावर तर अजिबात नाही. इंचाच्या जाडीला एक वर्ष हा जुना ठोकताळा आहे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात मुठीचे तुकडे त्याहून लवकर वाळतात. अंदाजानं चालू नका. तुकड्यावर खडूनं वजन लिहा, पंधरा दिवसांनी परत तोला. दोन-तीन वेळा वजन तेच आलं की लाकूड तयार. सोयाबीनची आर्द्रता मोजणाऱ्या माणसाला हे अवघड नाही. संक्रांतीला कापून ठेवलेले तुकडे मृगाच्या तोंडावर साधारण हाताशी येतात, तेव्हाही वजन सांगेल ते खरं.

आता मूठ बसवण्याचं. हत्यारं दोन तऱ्हेची. खुरपं, विळा, कोयता यांच्या पात्याला मागं निमुळती शेपटी असते, ती लाकडात जाते. दुसरी तऱ्हा म्हणजे सपाट चाकू. त्यात पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत जातं आणि दोन्ही बाजूंना लाकडाच्या फाका लावून रिव्हेट मारतात. कलमाचा चाकू, छाटणीचा चाकू घरी करायचा तर ही दुसरी तऱ्हा सोपी आणि भक्कम.

शेपटीच्या हत्याराला आपल्याकडं शेपटी लालबुंद तापवून लाकडात घुसवतात. लगेच घट्ट वाटतं. पण भोवतीचं लाकूड जळून कोळसा झालेलं असतं आणि कोळशाला ताकद नसते. महिन्याभरात मूठ खुळखुळते. त्यापेक्षा शेपटीहून थोडं बारीक भोक ड्रिलनं पाडा, शेपटी बेताची गरम करून आकारापुरतंच भोक भाजून घ्या, कोळसा खरवडून काढा, मग लाख वितळवून ओता आणि शेपटी बसवा. लाखेनं मूठ बसवणं ही आपल्याकडची जुनी रीत आहे. लाख नसेल तर दोन नळ्यांचा इपॉक्सी गम चालतो, त्यात त्याच लाकडाचा भुसा मिसळायचा. शेपटी तापवताना पात्याला ओलं फडकं गुंडाळायला विसरू नका, नाहीतर लोहारानं दिलेलं पाणी उतरतं आणि धार मऊ पडते. मुठीच्या पुढच्या तोंडाला लोखंडी किंवा पितळी कडं चढवायचं. जुन्या पाइपचा बोटभर तुकडाही चालतो. लाकूड चिरतं ते तोंडाकडूनच, कडं ती चीर धरून ठेवतं.

फाकांच्या चाकूला दोन्ही फाका एकाच तुकड्यातून शेजारी-शेजारी कापाव्यात. मग हवा बदलली तरी दोन्ही बाजू सारख्याच आकसतात-फुगतात. फाका मापापेक्षा थोड्या मोठ्या कापा, गम आणि रिव्हेट झाल्यावर कानशीनं उतरवत आणा. भोकं पाडताना खाली रद्दी फळी ठेवा, नाहीतर ड्रिल बाहेर पडताना लाकडाचा टवका उडतो. रिव्हेट पितळी घ्या आणि हलक्या हातानं ठोका. जोरात ठोकलं की फाक आतून तडकते आणि ते पावसाळ्यात कळतं.

हे कलमाच्या चाकूचं मुद्दाम लिहितोय. नाशिक-सांगलीकडं द्राक्षाची पाचर कलमं भरणारी, कोकणात पावसाच्या तोंडावर आंब्याची कोय कलमं बांधणारी पोरं बघा. एकेक जण दिवसाला शेकड्यानं काप घेतो. काप एका झटक्यात सपाट आला तर कलम जुळतं. चाकू हातात डगमगला तर काप लाटेसारखा येतो, मध्ये फट राहते आणि कलम सुकतं. आपण रोपवाटिकेला दोष देतो, हवेला देतो. त्या पोराच्या चाकूला चिकटपट्टी गुंडाळलेली मूठ आहे, हे कुणी बघत नाही.

कुऱ्हाड-कुदळीचं आणखी एक. दांडा सैल झाला की आपण रात्रभर हत्यार बादलीत बुडवून ठेवतो. सकाळी घट्ट. दुपारी परत सैल, आणि आधीपेक्षा जास्त. कारण पाण्यानं फुगलेलं लाकूड लोखंडाच्या भोकात दाबलं जातं, त्याचे तंतू चेपतात आणि वाळल्यावर ते पहिल्यापेक्षा बारीक होतात. ही दुरुस्ती नाही, उधारी आहे. खरा इलाज म्हणजे पूर्ण वाळलेला दांडा, भोकाच्या आकाराला नीट घासलेला, आणि वरून सुक्या कठीण लाकडाची पाचर. कुऱ्हाडीचं पातं दांड्यातून उडालं तर ते समोरच्याचं वय किंवा नातं बघत नाही.

घरी मशीन वापरणाऱ्या पोरांना हात जोडून एक सांगणं. ग्राइंडरचं कव्हर काढून त्याला लाकूड कापायचं दात्यांचं चक्र लावायचं नाही. मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे घेणारं ते यंत्र लाकडात अडकलं की उसळून येतं, मांडीवर किंवा तोंडावर. वीतभर मुठीसाठी हाताची करवत पुरते. लाकूड शिकंज्यात धरा, पायाखाली नाही. डोळ्याला चष्मा, तोंडाला फडकं किंवा मास्क. शिसवाच्या भुशानं काहींच्या अंगावर चट्टे उठतात, दम लागतो. आणि ड्रिल किंवा फिरत्या चक्राजवळ हातमोजे, सैल बाही, ओढणी, हातातला दोरा काही नको. हातमोजा बोटं वाचवत नाही, बोटांना आत ओढतो.

शेवटचा हात तेलाचा. वॉर्निश नको. त्यानं मूठ गुळगुळीत होते, घामात निसटते, आणि वॉर्निशचे पापुद्रे सुटले की फोड येतात. रंगाच्या दुकानात डबल बॉइल जवसाचं तेल मिळतं. ते फडक्यानं पातळ लावायचं, अर्ध्या तासानं उरलेलं पुसायचं, दुसऱ्या दिवशी परत. तीन-चार हात पुरे. कडुनिंबाचं, करंजाचं तेल वाळत नाही, चिकट राहतं. इंजिनाचं जळकं ऑइल तर हाताच्या मुठीला कधीच नको, ते कातडीतून अंगात जातं आणि ते विष आहे. आणि जवसाच्या तेलाचं फडकं बोळा करून कोपऱ्यात टाकायचं नाही. ते आपोआप तापून पेट घेतं, ही ऐकीव गोष्ट नाही. दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून टाका. मुठीच्या मागच्या बोंडाला बोटभर लाल किंवा भगवा पट्टा मारा, तणात पडलेलं खुरपं लांबून दिसतं.

आता तुमचे आक्षेप. पहिला आक्षेप असा, "एवढा वेळ कुणाला आहे?" तुकडे वाळलेले असतील तर एका मुठीला दोन तास लागतात. पावसाची झड लागली की आपण तेवढा वेळ मोबाइलवर घालवतो. आणि बाभळीची नीट केलेली मूठ पातं झिजून संपेपर्यंत जाते, मग तीच काढून नव्या पात्याला लावता येते.

दुसरा आक्षेप, "आता सगळं मशीननं होतंय." होतंय ना. हार्वेस्टर आले, तणनाशकं आली. पण कांद्याची भांगलण, भाजीपाल्याची काढणी, बांधाचं गवत, द्राक्षाची छाटणी, गुऱ्हाळाचा ऊस, डोंगरउतारावरचं भात अजून हातानंच आहे. दापोलीच्या विद्यापीठानं दात्यांचा वैभव विळा काढला, तो जमिनीलगत भात कापतो आणि खोडकिड्याला धसकटात जागा उरू देत नाही. म्हणजे विद्यापीठालाही विळ्याचा विचार करावा लागला. मशीनच्या युगात हात उरलेच असतील तर ते शाबूत राहायला नकोत का?

तिसरा आक्षेप मला महत्त्वाचा वाटतो, "मूठ आपण केली तर लोहाराचं, सुताराचं काय?" लोहाराचं कसब पात्यात आहे. जुन्या गाडीच्या कमानपाट्यातून पातं काढणं आणि त्याला नेमकं पाणी देणं हे आपल्याला घरी जमणार नाही. रस्त्याकडंला भाता लावून बसलेल्या घिसाड्याच्या घरची बाई ज्या ताकदीनं घण मारते, ते बघून भाव करायची लाज वाटावी. म्हणून म्हणतो, बिनमुठीचं पातं मागा आणि घासाघीस करू नका. मुठीवर वाचलेले पैसे पात्यात घाला. पत्र्यातून छापून काढलेल्या, प्लॅस्टिक मुठीच्या स्वस्त खुरप्यानं लोहार मारला, घरी केलेल्या मुठीनं नाही. गावात सुतार असेल तर त्याच्याकडूनच मूठ करून घ्या, फक्त माप आपलं द्या आणि लाकूड आपलं न्या.

कृषी सहायक, कृषी विज्ञान केंद्रातली मंडळी हे वाचत असतील तर त्यांच्याकडं एक मागणं आहे. शेतीशाळेत माती परीक्षण सांगता, बीजप्रक्रिया सांगता, चांगलंच करता. एक तास हत्याराला द्या. बायांच्या हाताची मापं घ्या, दोन जाडीच्या मुठी करून द्या, आणि त्याच रानात त्याच मावशीनं दोन्ही मुठींनी किती सऱ्या भांगलल्या ते मोजा. संध्याकाळी हात कसा आहे तेही विचारा. यासाठी ना अनुदान लागतं ना टेंडर. असा एक प्रयोग गावात झाला तर त्याचे आकडे मला हवेत, इथं छापतो.

आणि शेतकऱ्याला सांगणं एवढंच. या पावसाळ्यात बांधावर दोन बाभळी आणि एक बोर राहू द्या. सावली पडते म्हणून उपटून टाकू नका, कोपऱ्यात असू द्या. आठ-दहा वर्षांनी तुमच्या पोराला खुरप्याची, कोयत्याची मूठ शोधायला बाजार गाठावा लागणार नाही. तोवर घरातली सगळी हत्यारं एकदा बाहेर काढा, एकेक हातात धरून बघा. त्यातलं खुळखुळणारं, चिरलेलं, टोचणारं बाजूला ठेवा. आणि घरातल्या बाईला, कामाला येणाऱ्या मावशीला विचारा, "कुठलं खुरपं हाताला बरं वाटतं?" त्या एका उत्तरावरून पुढची मूठ करा.

तुमच्या भागात मुठीला कुठलं लाकूड चालतं, त्याला काय म्हणतात, मूठ कशानं बसवतात, हे लिहून कळवा. विदर्भ, खानदेश, कोकण, मराठवाडा, सगळीकडची माहिती एकत्र आली तर पुढच्या नोंदीत जिल्हावार यादी करू.